प्रकाशाच्या स्वाधीन केलेला नाद

निजामी अमदानीत सुभ्याचे ठाणे असलेल्या औरंगाबाद शहरी त्या राज्याचे स्वतःचे ध्वनिक्षेपण केंद्र होते, आणि 1 एप्रिल 1950 रोजी हैदराबादच्या केंद्रासमवेत ते आकाशवाणीच्या स्वाधीन झाले, ही हकीकत आजच्या छत्रपती संभाजीनगरात क्वचितच कोणी सांगते. परंतु गिटार किंवा बासच्या नादाला आवर घालणारे प्रकाशचलित कॉम्प्रेसर पेडल घरच्या मेजावर बांधणाऱ्या तरुणाने आपल्या छंदाची वंशावळ विचारली, तर मी तिचा आरंभ तेथूनच करीन. कारण वक्त्याचा स्वर अकस्मात चढला म्हणजे प्रक्षेपकावर भार पडून ध्वनी विरूप होतो आणि त्याला मर्यादेत राखावे लागते, ही चिंता आधी नभोवाणीची होती, वादकांच्या वाट्याला ती मागाहून आली.

प्रकाशाला या कामी लावण्याची विद्या त्याहूनही प्राचीन. सेलेनियमचा विद्युत्‌रोध प्रकाशात घटतो हे विलोबी स्मिथ यांनी 1873 साली प्रसिद्ध केले, 1880 साली ग्रॅहॅम बेल यांनी त्याच द्रव्याच्या आधारे किरणावरून मनुष्यवाणी धाडली, आणि बोलपटांच्या युगात तर फिल्मच्या कडेवर छायाप्रकाशाच्या रूपाने मुद्रित झालेला ध्वनी दिव्याच्या व प्रकाशघटाच्या साहाय्याने गावोगावच्या चित्रपटगृहांत पुन्हा सजीव होऊ लागला.

कॅलिफोर्नियातील जेम्स लॉरेन्स यांनी 1960 च्या दशकात जो एलए-2ए नावाचा कॉम्प्रेसर सिद्ध केला, त्यात येणारा ध्वनीच एका दीप्तिमान पटलाला उजळवी, त्या उजेडाने समोरच्या प्रकाशसंवेदी रोधकाचा रोध उतरे, आणि त्या प्रमाणात ध्वनी आपोआप दबे. या यंत्राचे खरे सौंदर्य मला त्याच्या मंदपणात दिसते: दबलेल्या ध्वनीचा पहिला अर्धा भाग सुमारे 60 मिलिसेकंदांत सावरतो, उरलेल्याला मात्र काही सेकंद लागतात, आणि रोधकावर प्रकाश जितका दीर्घकाळ पडला असेल तितका तो सावरण्यास विलंब करतो. बासच्या जाड तारेवर अंगठ्याचा आघात करणाऱ्या वादकाला हा मंदपणा अत्यंत मानवतो, कारण आघात बोथट न होता त्यामागचा नाद भरीव राहतो.

औरंगाबाद शहरी विद्युत्‌कणशास्त्राची भूमी तयार झाली ती 1960 साली स्थापन झालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे आणि पुढे पैठण रस्त्यावरील चितेगावी दूरचित्रवाणी-संच घडवणाऱ्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे. अंधार पडताच दिवा लावणाऱ्या ज्या यंत्रावर अभियांत्रिकीचे विद्यार्थी हात बसवीत आले, त्यातलाच एलडीआर, म्हणजे प्रकाशसंवेदी रोधक, या पेडलातही बसतो. त्याच्यासमोर एलईडी ठेवून दोहोंवर काळी नळी आवळायची आणि डाख द्यायचा, इतके त्याचे बाह्य स्वरूप साधे आहे. ती नळी मात्र निर्दोष हवी, कारण फटीतून शिरलेला रंगमंचावरचा उजेडही नाद दाबू लागतो.

एकाच खेपेतले दोन एलडीआर सारखे वागत नाहीत, म्हणून जाणता कारागीर प्रत्येकाचा रोध अंधारात व उजेडात मीटरवर मोजून मगच निवड करतो. शिवाय त्यातील कॅडमियम विषारी असल्याने 2006 पासून युरोपात त्यावर निर्बंध आले आहेत, तेव्हा जुन्या संचांतून उतरवलेला चांगला एलडीआर हाती आला तर तो जपून ठेवावा, आणि निकामी झालेला कचऱ्यात फोडून टाकू नये.