जागतिक तापमानवाढ : लेण्याद्री परिसर

कोळसा, खनिज तेल व वायू जाळल्याने आणि जंगलतोडीने हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो व तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे 280 भाग होते. आज ते 420 च्या वर आहेत. 1850–1900 च्या तुलनेत 2011–20 या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे 1.1 अंश सेल्सिअसने वाढले.

तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवले की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 पासून तिपटीने वाढल्या. जुन्नरजवळच्या, सह्याद्रीतील लेण्याद्रीच्या कातळात पावसाचे पाणी साठवण्यासाठी पोढ्या (पाण्याची टाकी) खोदल्या गेल्या, त्या पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांच्या टंचाईत सोय म्हणून. आता त्याच सह्याद्रीला पाण्याच्या लोंढ्याचेही भय आहे.

30 जुलै 2014 च्या पहाटे जवळच्याच आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव मुसळधार पावसात कोसळलेल्या डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. सकाळच्या एसटीच्या चालकाला गावाच्या जागी चिखलच दिसला. या एका दुर्घटनेचे सारे खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही. उतारावरील जमिनीचे सपाटीकरण आणि वृक्षतोड यांकडेही अभ्यासकांनी बोट दाखवले. खिळखिळ्या झालेल्या उतारावर पाऊस घातक ठरला. वाचलेल्यांचे पुनर्वसन आमडे येथे करण्यात आले.