हातभर नगरीचे छायाचित्र

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस बेळगावच्या गल्ल्यांतून तांबड्या मातीचे ढीग दिसू लागतात. शहापूर असो, वडगाव असो वा अनगोळ असो, विटा, दगड, गोणपाट आणि चिखल यांतून बघता बघता एखादा रायगड किंवा प्रतापगड उभा राहतो. उतारावर अहळीव पेरून हिरवळ उगवतात आणि पायथ्याशी गाव वसते. त्या गावात विहीर असते, बाजार असतो, आणि कित्येकदा शिवकालाची पर्वा न करता चावीची आगगाडीही फिरत असते. इतिहासाचे पंडित सोडले तर तिच्याविषयी कोणाचीच तक्रार नसते.

सण सरतो, माती मातीला मिळते, आणि मागे उरते ते एखादे छायाचित्र. परंतु त्यात दिसते काय? किल्ल्यामागे ओळीने उभी राहिलेली मुले, आणि त्यांच्या पायांशी एक तांबूस उंचवटा. आठ दिवस खपून वसविलेले ते गाव चित्रात कोठेच सापडत नाही. मुलांच्या कारागिरीत उणे नव्हते. चित्र टिपणाऱ्याचा डोळा चुकीच्या जागी होता, एवढेच.

लहान नगरीचे चित्र घेण्याची विद्या जगात ज्यांनी जोपासली, ते बहुतांशी प्रतिकृतींच्या आगगाड्यांचे छांदिष्ट. या छंदातील सर्वांत रूढ प्रमाण एकास सत्त्याऐंशी. या मापाने साडेपाच फुटी माणूस जेमतेम पाऊण इंचाचा होतो. आता कॅमेरा त्या नगरीच्या जमिनीपासून एक फूट उंच धरला, तर तेथील रहिवाशाच्या हिशेबाने तो सत्त्याऐंशी फुटांवर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीच्या गच्चीवर जातो. गच्चीवरून कोणत्याही गावाची कौलेच दिसणार; दारातली रांगोळी दिसणार नाही. म्हणून जाणता छायाचित्रकार भिंग खाली, पाऊण इंचाच्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर नेतो. मग त्याच पुठ्ठ्याच्या भिंती एकाएकी डोक्यावर उंच जातात, गल्ली अरुंद होते आणि वळणापलीकडे आणखी काही असावे असे वाटू लागते.

महाराष्ट्रात हे प्रत्यक्ष अनुभवायचे तर पुण्याच्या कोथरूड भागात जावे. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय तेथे १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. नियंत्रणफलकावरून चालणाऱ्या गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव असा तेथील सगळा संसार आहे. प्रेक्षक वरून पाहतात आणि कौतुक करतात. पण एखादे मूल टाचा न उंचावता फळीच्या कडेशी हनुवटी टेकवून पाहते, तेव्हा खरी नगरी त्यालाच दिसते.

उंची साधली तरी दुसरी अडचण उभी राहते. वस्तू फार जवळ असली की भिंगाला एकाच अंतरावरचे सुस्पष्ट दिसते. पुढची भिंत रेखीव आली तर मागचा मनोरा धूसर होतो. हा धूसरपणाच खेळण्याची चुगली करतो. त्याचा दाखला असा की, खऱ्या शहराच्या छायाचित्राची वरची व खालची बाजू मुद्दाम पुसट केली, तर ते शहरही खेळण्यातले भासते. उपाय म्हणून भिंगाचे छिद्र अगदी बारीक करतात. मग प्रकाश कमी पडतो, चित्राला कित्येक सेकंद द्यावे लागतात, आणि धावती गाडी त्या अवधीत नुसती रेघ होऊन उमटते. म्हणून ती थांबवावी लागते. छिद्र फारच बारीक केले, तर प्रकाश पसरून सगळेच चित्र मऊ पडते. आता निरनिराळ्या अंतरांवर रोखलेली अनेक चित्रे घेऊन त्यांतील रेखीव भाग संगणकाने जोडता येतात. खिशातला मोबाईल फोनही येथे मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी पडतो. तो उलटा धरला की त्याचे इवलेसे भिंग थेट रस्त्याला टेकते.

प्रकाशाची गोष्ट सोपी, पण तीच अधिक विसरली जाते. दिवे दोन लावले की सावल्या दोन पडतात, आणि दोन सूर्यांचे गाव कोणाला पटेल?

या कलेत अमेरिकेतील जॉन ॲलन याचे नाव आदराने घेतात. तो व्यवसायाने छायाचित्रकार होता. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे घराच्या तळघरात त्याने डोंगर, दऱ्या आणि गावे यांसह मोठा लोहमार्ग रचला, आणि गल्ल्या लांब दिसाव्यात म्हणून जागोजागी आरसे बसविले. त्याचा विनोदही असा की, डबे ढकलण्याच्या कामावर त्याने चक्क एक खेळण्यातला प्रागैतिहासिक प्राणी नेमला होता! ६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन निवर्तला आणि दहाच दिवसांनी त्या घराला आग लागून ती नगरी बव्हंशी भस्म झाली. आज तिची जी ओळख जगाला आहे, ती मुख्यत्वे त्याने घेतलेल्या छायाचित्रांमुळे.

ॲलनच्या बाबतीत आधी नगरी झाली, मग चित्र. इंग्लंडमध्ये रॉय इंग्लंड या गृहस्थाने उलट वाट धरली. १९२५ साली तो ऑस्ट्रेलियातून तेथे आला आणि जुनी गवती छपरांची घरे मोडताना पाहून हळहळला. जे होते त्याची मापे घ्यावीत, चित्रे घ्यावीत आणि त्यांवरून हुबेहूब प्रतिकृती करावी, असे त्याने ठरविले. लाँग विटनहॅम या खेड्यातील पेंडन संग्रहालय हे त्याच ध्यासाचे फळ होय. मोडलेली घरे तेथे हातभर का होईना, पण उभी आहेत.

बेळगावच्या बाबतीत ही दुसरी वाट अधिक निकडीची आहे. निपाणीला लोहमार्ग पोचलाच नाही. तेथल्या मुलाला गाडी पाहायची तर चिकोडी रोड किंवा कोल्हापूर गाठावे लागे. बेळगावला मात्र सदर्न मराठा रेल्वेची मीटर गेज गाडी १८८७ साली आली आणि शतकभर टिकली. पुणे-मिरज मार्ग १९७१ साली रुंद झाल्यावर बेळगावच्या प्रवाशांचे मिरजेला गाडी बदलणे सुरू झाले. रात्री-अपरात्री वळकट्या आणि पोरे सांभाळीत केलेली ती धावपळ एका पिढीच्या पुरती स्मरणात आहे. १९९० नंतरच्या दशकात येथलेही रूळ बदलले. स्थानकाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन २०२३ साली झाले.

ते जुने स्थानक फळीवर कोणी उभे करू म्हटले, तर तयार सामान बाजारात मिळणार नाही. दुकानातले सामान्य रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात, आणि ते युरोपातील मापाचे. मीटर गेज त्या प्रमाणात साडेअकरा मिलिमीटर भरते आणि आपले रुंद रूळ सव्वाएकोणीस. मंगळुरी कौलांचा उतार, फलाटावरील खांब, टांग्यांचा अड्डा, सारे हातानेच घडवावे लागेल, आणि त्यासाठी जुनी छायाचित्रे हवीत.

ती नाहीत असे नाही. लग्नाचे वऱ्हाड, बदली होऊन निघालेला कारकून, शाळेची सहल अशा निमित्तांनी फलाटावर घेतलेली चित्रे घरोघरच्या ट्रंकांत असतील. त्यांत माणसे पुढे आणि स्थानक मागे, अर्धे झाकलेले. घरच्यांना माणसे ओळखायची असतात. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र मामांच्या खांद्यावरून दिसणारी खिडकी हवी असते. त्या चित्रात कोपऱ्यात का होईना, रूळ आले असतील तर त्याचे काम निम्मे हलके होते. दोन रुळांमधील अंतर ठरलेले, बरोबर एक मीटर. त्यांच्या लगतचा खांब त्या अंतराच्या किती पट उंच, हे पट्टी लावून पाहिले की खांबाचे माप निघते. खांबावरून छपराचे, आणि छपरावरून खिडकीचे.