विदर्भातील शिलावर्तुळे : दफनभूमीकडून वस्तीकडे

प्रस्तावना :
विदर्भात, विशेषतः नागपूर परिसरात, झुडपी जंगलाच्या कडेला मुरमाड माळावर मोठ्या धोंड्यांची वर्तुळे आढळतात. इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातील ही दफनस्थाने महापाषाणीय संस्कृतीची होत. त्यांच्या संशोधनाची दिशा कशी बदलली आणि त्यातून जतनाविषयी काय बोध होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संशोधनाची वाटचाल :
नागपूरजवळील जुनापाणी येथे सुमारे ३०० शिलावर्तुळे असून जे. एच. रिव्हेट-कार्नाक यांनी त्यांपैकी काहींचे उत्खनन केले. धोंड्यांवरील वाटीसारख्या खळग्यांची त्यांनी युरोपातील खुणांशी तुलना केली. म्हणजेच या वर्तुळांचा अर्थ दूरच्या प्रदेशात शोधला गेला. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी येथे पद्धतशीर उत्खनन केले. पुढे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा (१९६८-६९) व माहुरझरी (१९७०-७२) येथे उत्खनने केली. लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, काळी-तांबडी मृद्भांडी, मणी, तसेच घोड्यांचे अवशेष व त्यांचे तांब्याचे अलंकार उजेडात आले.

नैकुंडचे महत्त्व :
एवढे लोखंड आले कोठून, हा प्रश्न केवळ थडग्यांतून सुटणारा नव्हता. पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे १९७८-८० मधील उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी व वस्तीचे अवशेष मिळाले. मृतांसोबत पुरलेली अवजारे घडविणारा समाज याच भूमीत राबत होता, हे त्यामुळे स्पष्ट झाले. परकीय साम्यांपेक्षा स्थानिक पुरावा अधिक बोलका ठरला.

निष्कर्ष :
शिलावर्तुळे ही सुटी स्मारके नव्हेत. वस्ती, नदी, जंगल आणि खनिज यांच्याशी असलेल्या नात्यातूनच त्यांचा अर्थ लागतो. बांधकामासाठी एक धोंडा हलविला तरी वर्तुळाची रचना बिघडते. वस्तीचे पांढरीचे टेकाड खणून नेले तर त्या मृतांचे जगणेच पुसले जाते. म्हणून संरक्षण केवळ वर्तुळांपुरते न ठेवता सभोवतालच्या परिसरालाही मिळावे. शेतकरी, गुराखी व ग्रामपंचायती यांना या स्थळांची ओळख करून देणे आणि महाविद्यालयांनी गावनिहाय नोंदी करणे, ही त्याची पहिली पायरी होय.