‘सुरतेस’ की ‘सुरतला’?

‘सुरतेची वखार’ हे शब्द शिवचरित्राच्या वाचकांस परिचित आहेत; त्यांच्या व्याकरणाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

१६१३ साली बादशाही फर्मानाने इंग्रजांनी तापीकाठी ‘फॅक्टरी’ स्थापिली. तीत काही घडविले जात नसे. ‘फॅक्टर’ म्हणजे धन्याचा व्यापारी मुनीम. त्याने राहावे व माल साठवावा, ती फॅक्टरी. म्हणूनच मराठी व गुजराती या भगिनींत रूढ असलेला ‘वखार’ हा शब्द तीस नेमका लागू पडला. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडनने हीच वखार लढवून राखली.

‘सुरत’ व ‘वखार’ ही दोन्ही अकारान्त स्त्रीलिंगी नामे. तरी ‘वाट–वाटेस’ या न्यायाने ‘सुरतेस’, आणि ‘भिंत–भिंतीत’ या न्यायाने ‘वखारीत’. कोंकणीतील ‘वाटेक’ या रूपातही तोच एकार आहे.

तापी ही सूर्यकन्या. म्हणून ‘सूर्यपूर’ हेच सुरतेचे मूळ नाव, अशी परंपरा सांगते. ‘पूर’मधून ‘त’ निघणे उच्चारनियमांस धरून नाही. पण तेवढ्याने नदीचे पावित्र्य उणावत नाही.

खंत वेगळीच आहे. हल्ली ‘सुरतला’, ‘सुरतमध्ये’ असे सर्रास लिहिले जाते. ‘लंडन’ला आपण सामान्यरूप देत नाही, ‘पुणे’ मात्र ‘पुण्यास’ होते. ‘सुरतेस’ म्हणणाऱ्या पूर्वजांनी ती नगरी आपल्या भाषेच्या घरात घेतली होती. तो एकार टाकून आपण तिला पुन्हा परकी का करावी?