दोरीविना पतंग

बारामती तालुक्यांतील कन्हेरी हें गांव तेथील मारुतीमुळें पुष्कळांस ठाऊक आहे. बारामतीच्या राजकारणांत निवडणुकीचा नारळ याच मारुतीपुढें फुटत आलेला आहे. वाऱ्याचा पुत्र असा गांवांत उभा, आणि थोड्याच अंतरावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें बांधलेली बारामतीची धांवपट्टी. तेथें वैमानिक होऊं पाहणारे तरुण छोट्या विमानांतून घिरट्या घालण्यास शिकत आले. उंसाच्या फडाकडेला उभ्या असलेल्या पोराला तें पाहून आपलेंहि एखादें विमान असावें असें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं. खरें विमान त्याच्या आटोक्याबाहेरचें. परंतु जमिनीवरून बिनतारी संदेशानें चालविण्याचें दोन हात रुंदीचें विमान आज एका पुठ्ठ्याच्या खोक्यांतून घरीं येतें. त्या खोक्यांत दोन इतिहास एकत्र बांधलेले असतात: एक लहान विमानाचा, दुसरा बिनतारी विद्येचा. चमत्काराची गोष्ट अशी कीं, या दोन्ही इतिहासांत आपल्या देशाचें नांव १८९५ याच सालीं घेतलें जातें; मात्र एका ठिकाणीं तें कथेनें घेतलें जातें व दुसऱ्या ठिकाणीं पुराव्यानें.

कथा मुंबईची आहे. शिवकर बापूजी तळपदे हे १८६४ सालीं जन्मलेले पाठारे प्रभु गृहस्थ. प्राचीन ग्रंथांत विमानविद्या आहे अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नांवाचें विमान माणसावांचून उडविलें, तें दीड हजार फूट चढून खालीं आलें, आणि सयाजीराव गायकवाड व न्यायमूर्ति रानडे यांनीं तो प्रयोग डोळ्यांनीं पाहिला, असें सांगण्यांत येतें. मराठी मनाला ही कथा गोड वाटावी हें स्वाभाविकच आहे. परंतु त्या विमानाचें वजन किती, पंखांचा विस्तार किती, यंत्र कोणत्या शक्तीनें चाललें, असे साधे प्रश्न विचारले कीं कथा मुकी होते. आराखडा नाहीं, मोजमाप नाहीं, त्या दिवसाचा भरंवशाचा लेखी दाखलाहि हातीं लागत नाहीं. तळपद्यांच्या नांवाशीं जोडला जाणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं तपासून १९७४ सालीं निकाल दिला कीं, ग्रंथ १९०४ च्या पूर्वींचा नव्हे आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडण्याजोगीं नव्हेत. तळपद्यांची तळमळ खोटी होती असें यावरून म्हणतां येत नाहीं. पण तळमळ म्हणजे उड्डाण नव्हे.

त्याच १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बसूंनीं भिंतींपलीकडून विद्युत्‌लहरी पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. या प्रयोगाची गोष्ट निराळी. बसूंनीं आपलीं उपकरणें कशीं केलीं तें लिहून ठेवलें, दुसऱ्यांनीं तीं करून पाहिलीं, आणि त्यांतील कांहीं कलकत्त्याच्या बसु विज्ञान मंदिरांत जपून ठेवण्यांत आलीं आहेत.

लहान विमानाच्या खऱ्या इतिहासांतहि अशींच चोख माणसें भेटतात. इंग्लंडांतील सर जॉर्ज केली यांनीं १८०४ मध्यें एका दांड्यावर पतंगासारखा पंख व मागें हलती शेपटी बसवून पांचेक फूट लांबीची प्रतिकृति तरंगत सोडली. फ्रान्समधील आल्फोंस पेनो या तरुणानें १८७१ सालीं पॅरिसच्या त्विलेरी बागेंत रबराचा पीळ सुटतांना फिरणाऱ्या पंख्यावर आपलें खेळण्याएवढें विमान अकरा सेकंद उडवून दाखविलें. पेनोचें मर्म शेपटींत होतें. त्यानें ती किंचित् कलती बसविली. त्यामुळें नाक खालीं गेलें कीं विमान आपोआप सांवरे. बिचाऱ्यानें तिशींतच निराशेनें आत्मघात केला. परंतु त्याच्याच धर्तीचें एक रबरी खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंत एका पाद्र्यानें आपल्या दोन मुलांस आणून दिलें. तीं मुलें म्हणजे विल्बर व ऑर्व्हिल राइट. तिकडेच सॅम्युएल लँग्ले यांचें वाफेवर चालणारें, माणूस नसलेलें विमान ६ मे १८९६ रोजीं पोटोमॅक नदीवर जवळजवळ एक किलोमीटर गेलें. त्याआधीं त्यांचीं कित्येक विमानें पाण्यांत पडलीं होतीं. तीं काढलीं, दुरुस्त केलीं, कोठें काय मोडलें तें टिपून ठेवलें. मरुत्सखाच्या कथेंत नेमकें हेंच पान गळालेलें आहे.

हे दोन प्रवाह एक व्हावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं. निकोला टेस्लानें १८९८ सालीं न्यूयॉर्कमध्यें छोटी नाव बिनतारी हुकमानें फिरविली. परंतु नावेला वजन पेलतें, विमानाला पेलत नाहीं. इंग्रज सरकारनें १९३५ मध्यें ‘क्वीन बी’ हें बिनवैमानिक विमान तोफांच्या नेमबाजीसाठीं केलें, तें मोठ्या आकाराचें होतें. छंदिष्टांच्या हातीं ही विद्या आली ती १९३७ सालीं. अमेरिकेंतील कॅलामझू गांवच्या वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनीं आठ फूट पंखांचें ‘गफ’ नांवाचें विमान बिनतारी संदेशानें उडविलें. त्या काळचें ग्राहकयंत्र म्हणजे कांचेचे व्हॉल्व्ह व जड बॅटऱ्या. पुढील कित्येक वर्षें सुकाणू फिरविण्यासाठीं पीळ दिलेलें रबर व एकेक टप्पा सुटणारा खटका वापरीत. कळ एकदां दाबली कीं उजवें, सोडून पुन्हां दाबली कीं डावें. मधली गत नाहीं. ट्रान्झिस्टर आल्यावर वजन उतरलें, आणि १९६० नंतरच्या दशकांत बोट जितकें हलवावें तितकेंच सुकाणू हलावें अशी सोय झाली. तरीहि एकाच लहरीवर दोघांनीं यंत्र सुरू केलें कीं एकाचें विमान हमखास कोसळे. म्हणून मैदानांत फळा लावून, ज्याची लहर त्यानें आपला चिमटा घ्यावा, अशी पद्धत असे. चिमटे कपडे वाळत घालण्याचेच! आतां २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांत प्रेषक व ग्राहक परस्परांस ओळखून असतात, त्यामुळें तो फळा बहुतेक ठिकाणीं निरुपयोगी झाला.

यंत्र सुधारलें तरी हवा तीच आहे. नवशिक्याचें विमान जोडणें म्हणजे पेनोचीच शेपटी व केलीचाच तोल पुन्हां साधणें. पंख धडावर बसतात ते सपाट नव्हे, उघडलेल्या पुस्तकाच्या पानांप्रमाणें किंचित् वर उचललेले. म्हणजे एक बाजू कलली तर ती आपण होऊन सांवरते. पंखाच्या रुंदीचा पुढून चवथा ते तिसरा भाग जेथें येतो तेथें दोन बोटांवर विमान तोलून पाहावें, आणि बॅटरी पुढेंमागें सरकवून तोल आणावा. पतंगाची कणी नीट बांधल्यावांचून ज्यानें कधीं दोरा सोडला नाहीं, त्याला हें दोनदां सांगावें लागत नाहीं.

पहिलें उड्डाण बहुधा जमिनीवर आपटूनच संपतें. एक कारण म्हणजे घाबरून नाक एकदम वर ओढणें. वेग मरतो, पंखांवरची हवा सुटते, आणि विमान एका अंगावर पडतें. दुसरें कारण डाव्याउजव्याचा घोटाळा. विमान समोरून येऊं लागलें कीं त्याचें उजवें तें आपलें डावें होतें. अशा वेळीं जो पंख खालीं झुकला असेल त्याच बाजूस दांडी ढकलावी, एवढें लक्षांत ठेवलें तर पुष्कळ विमानें वांचतात.

मोडलेलें विमान जोडतांना घाई नडते. फोमचे तुकडे सगळे वेचावे, त्यांच्या कडा तासूं नयेत. त्या खडबडीत असल्यामुळेंच एकमेकींत बरोबर बसतात. डिंकाआधीं तुकडे कोरडेच जुळवून पाहावे. झटपट चिकटणारा साधा डिंक थर्माकोलसारख्या फोमला खाऊन टाकतो, तेव्हां फोमचा वेगळा डिंक किंवा एपॉक्सी घ्यावा. जेथें धड दुभंगलें असेल तेथें पतंगाला लावतात तशी बांबूची कामटी आंत बसविली तर काम भागतें. प्रोपेलरला तडा गेला असेल तर तो चिकटवूं नये, टाकून द्यावा. फुगलेली बॅटरी तर पुन्हां विजेला जोडूंच नये. शेपटीला लावलेला डिंक महाग पडतो. ती तोलबिंदूपासून नाकाच्या तिप्पट दूर असली, तर तेथें वाढलेल्या पांच ग्रॅमसाठीं नाकांत पंधरा ग्रॅम घालावे लागतात. म्हणून दुरुस्तीनंतर तोल पुन्हां पाहावयाचा, आणि दांडी उजवीकडे नेल्यावर उजव्या पंखाची झडप वर उठते ना, हेंहि पाहावयाचें. दुरुस्तींत तार उलट जोडली गेली असेल, तर दुसरें उड्डाण पहिल्याहून आंखूड ठरतें.

विमानतळाच्या आसपास मात्र हौसेलाहि कायदा आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनीं देशाच्या आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे पट्टे पाडले आहेत, आणि बारामतीसारख्या धांवपट्टीजवळच्या गांवीं नकाशा पाहून, जरूर ती परवानगी घेऊनच विमान सोडावें लागतें.

गुड बंधूंचें ‘गफ’ १९६० सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयास देण्यांत आलें. मरुत्सखाचा एखादा पंख वा एखादी खीळसुद्धां कोठें उरलेली नाहीं.