निळ्या नसांची कहाणी

संध्याकाळी माझ्या आईच्या पोटऱ्यांवर निळ्या नसा दोरीसारख्या टरारून फुगतात. जन्म ओट्यापुढे उभ्याने गेला. ‘वयाचं आहे,’ म्हणून ती हसण्यावारी नेते.

दुखणे फार जुने. रोमचा सेनापती मारिअस याने अशा नसा कापून घेताना स्वतःला बांधू दिले नाही. एक पाय निमूट दिला. दुसरा मात्र नाकारला, असे प्लूटार्क सांगतो. दुखण्यापेक्षा इलाज जड!

पादुआच्या फाब्रिसिअसने १६०३ मध्ये नसांतल्या झडपांवर ग्रंथ लिहिला. त्या रक्ताचा वेग आवरतात, असा त्याचा समज. त्याचा शिष्य हार्वे याने १६२८ मध्ये दाखवले, की त्या रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात. झडप निकामी झाली, की रक्त खाली साचते, नस फुगते.

तेव्हा हे दुखणे निव्वळ पायांचे कसे म्हणावे? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तैवानमधील पाहणीत अशा रुग्णांना खोल नसांत गुठळी होण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला. नसा हेच त्याचे कारण, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. पण ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतते.

म्हणून एक पाय एकाएकी सुजला, तर आईचे काही न ऐकता डॉक्टरांकडे न्यायचे, हे मी ठरवले आहे. आणि यंदा चकल्या मी तळणार. आईने पाय उंच ठेवून फक्त चुका काढायच्या!