पिकअपमधलं "मूळचं" इंजिन



मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या आजींकडून एक जुनी पिकअप घेतली. १९६७ ची शेवरले सी-१०. आजी ८४ वर्षांच्या, इथल्याच, ओहायोतल्या. किल्ली देताना दोनदा म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याने ही कोरी घेतली होती. इंजिन मूळचं आहे, २८३. त्याने यात कधी काही बदललं नाही." आजोबा जाऊन तीन वर्षं झाली होती. मी मान डोलावली.

गाडी निळा धूर सोडत होती, म्हणजे ऑइल खात होती. २८३ च्या रिंगा मागवल्या आणि इंजिन डाऊन केलं. नवी रिंग सिलिंडरात ठेवून पाहिली तर दोन टोकांमध्ये जवळजवळ अर्ध्या इंचाची फट! असायला हवी एका इंचाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. म्हणजे रिंगा तरी चुकीच्या किंवा आजी तरी.

इथे थोडा इतिहास सांगावा लागेल. १९५५ साली एड कोल यांच्या हाताखाली शेवरलेने नवीन व्ही-८ काढलं, २६५ घन इंचांचं. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ४.४ इंच ठेवलं, आणि पुढची कित्येक दशकं ते बदललं नाही. त्याच सांगाड्यातून १९५७ ला २८३, १९६२ ला ३२७, १९६७ ला ३५० निघालं. बाहेरून बघाल तर सगळी भावंडं एकाच चेहऱ्याची. एक काढून त्या जागी दुसरं सहज बसतं, आणि बॉनेट उघडून नुसतं बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणूनच जुन्या शेवरलेत नक्की कुठलं इंजिन आहे हा प्रश्न अमेरिकेत गल्लोगल्ली पडतो.

व्हर्निअर लावला. बोअर ४.०३ इंच, स्ट्रोक ३.४८. २८३ चे आकडे ३.८७५ आणि ३. हिशेब सरळ होता: ४ इंच बोअरचं ३५०, कधीतरी ३० थाऊ रिबोअर केलेलं. पण कधीचं?

कारखान्याचा शिक्का ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या समोर असतो. तिथे काहीच नव्हतं. रिबोअरच्या वेळी ब्लॉकचा माथाही घासला असणार, त्यात अक्षरं गेली. मागे, गिअरबॉक्स जोडतात तिथे, ओतीव अक्षरं मात्र शाबूत होती. ब्लॉकचा नंबर ३९७००१०, आणि तारीख डी-११-९. डी म्हणजे चौथा महिना, एप्रिल. ११ तारीख. ९ हा सालाचा फक्त शेवटचा आकडा! हा ब्लॉक १९६९ पासून सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत ओतला जात होता. म्हणजे १९६९ की १९७९?

मराठेशाहीतल्या पुष्कळ पत्रांचं असंच असतं. "छ", मग चंद्राचा आकडा, मग रबिलावल वगैरे महिना, आणि साल गायब. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच असायचं. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला तेव्हा त्यांनाही मजकूर दुसऱ्या पत्रांशी ताडून साल ठरवावं लागलं. मीही दुसरं पत्र शोधलं, म्हणजे काढून ठेवलेली सिलिंडर हेड्स. त्यांच्यावर नंबर ३३३८८२. ही हेड्स १९७४ च्या आधी नव्हतीच. त्यांची तारीख डी-४-९, ब्लॉकच्या आधी बरोबर एक आठवडा. हेड दुसऱ्या इंजिनावरचं असू शकतं, पण आठवड्याचा असा मेळ योगायोगाने बसत नाही. साल १९७९. म्हणजे गाडीपेक्षा इंजिन बारा वर्षांनी लहान.

आता आजींना सांगायचं का? दोन दिवस विचार केला. बायको म्हणाली, "त्यांना सांगून काय मिळवणार आहेस?" पण आजी रोज कुंपणापाशी येऊन विचारायच्या, काय निघालं म्हणून. खोटं बोलवेना. शेवटी त्यांना गॅरेजमध्ये आणून टॉर्चच्या उजेडात ते अंक दाखवले.

बराच वेळ त्या अंकांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "१९८८ चा हिवाळा. त्याची नोकरी गेली होती आणि ही गाडी चालली तरच छोटी-मोठी कामं मिळत होती. तीन आठवडे रात्री गॅरेजात असायचा. मला सांगायचा, कार्ब्युरेटर साफ करतोय."

मग हसल्या. "तरीच तेव्हा इतके दिवस लागले! आणि पैसे किती घातले असतील रे त्याने?"

ते काही ब्लॉकवर ओतलेलं नव्हतं. ४.०३ च्या रिंगा पुढच्या आठवड्यात आल्या. धूर थांबला. पहिली फेरी आजींना घेऊनच मारली.